सलग सात वेळा जगज्जेत्या, तरी रोजची नोकरी सुटत नाही: जपानी महिला बेसबॉलमधल्या आउटफिल्डरची कारकीर्द समजून घेताना

अमेरिकेत महिलांची नवी व्यावसायिक बेसबॉल लीग उभी राहते आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तिच्या चार संघांनी खेळाडू निवडले आणि दुसऱ्याच क्रमांकावर जपानच्या सातो आयामीला लॉस एंजेलिसने घेतलं. बातमी वाचून अनेकांना एक साधा प्रश्न पडला. जपानचा महिला संघ 2008 पासून 2024 पर्यंतचा प्रत्येक विश्वचषक जिंकला आहे. तिथे बेसबॉल घराघरात पाहिला जातो. मग तिथल्या सर्वोत्तम खेळाडूला पगारी खेळासाठी समुद्रापार का जावं लागतं?

सातो पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. पिचरचं नाव होतं, फोटो छापून येतो. पण ही सगळी व्यवस्था कशी चालते हे कळायचं असेल, तर मैदानाच्या पार मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूची वाटचाल पाहावी, असं मला वाटतं. तिथे प्रसिद्धीचा झोत पोचत नाही, त्यामुळे वाटेतले अडथळे उघडे दिसतात.

आधी मैदान समजून घेऊ

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उघडतं. पंख्याच्या मुठीशी फलंदाज. तिथून दोन सरळ रेषा काटकोनात बाहेर जातात आणि त्या रेषांच्या आत पडलेलाच फटका चालतो. फलंदाजाने चेंडू मारला की धावत पहिला टप्पा गाठायचा. या टप्प्याला बेस म्हणतात. असे तीन बेस घेऊन चौथ्या वेळी मूळ जागी परतलं की एक धाव. दोन बेसमधलं अंतर 27.43 मीटर असतं.

क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणी. पिचर आणि फलंदाजामागची कॅचर धरून सहा जणी आतल्या भागात असतात. उरलेल्या तिघी मागच्या गवतावर, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. या तिघी म्हणजे आउटफिल्डर. क्रिकेटमधल्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाशी त्यांचं नातं आहे, पण एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर हात घालून चौकार अडवला की दोन धावा वाचल्याचं समाधान मिळतं. इथे चेंडू आउटफिल्डरच्या मागे गेला, तर धावणारी एकेक बेस ओलांडत सुटते आणि मोकळ्या मैदानात तिला थांबवायला कुणीच नसतं.

म्हणून आउटफिल्डरचं खरं काम चेंडू बॅटला लागायच्या आधीच सुरू होतं. फलंदाज डावखुरी आहे का, पिचर आता कोणत्या बाजूला टाकणार, वारा कुठून आहे, दुसऱ्या बेसवर उभी असलेली किती वेगाने पळते, हे सगळं मनात धरून ती दोन-चार पावलं सरकते. मग फटक्याचा आवाज येतो. पहिलं पाऊल मागे पडलं पाहिजे की पुढे, हे त्या क्षणीच ठरतं. पुढे टाकलं आणि चेंडू डोक्यावरून गेला, तर खेळ संपला.

महिलांच्या सामन्यात एक खेळी वारंवार पाहायला मिळते. पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात ती क्वचितच घडते. फलंदाज उजव्या बाजूला जोरकस सरपटी फटका मारते. चेंडू आतल्या खेळाडूंच्या मधून निसटतो. आता एक बेस नक्की मिळाला, असं धरून फलंदाज जरा सैल पळते. पण उजवीकडची आउटफिल्डर आधीच पुढे सरकलेली असते. ती पळतापळता चेंडू हातमोज्यात घेते, दुसऱ्या हातात काढते आणि थेट पहिल्या बेसवर फेकते. फलंदाज पोचायच्या आत चेंडू पोचतो आणि ती बाद. हुकमी वाटणारा फटका वाया जातो. ही खेळी जमवायची तर ताकदीइतकाच अंदाज लागतो आणि पुढे उभं राहण्याची छाती लागते, कारण तोच चेंडू उंच उडाला असता तर डोक्यावरून गेला असता.

हे सॉफ्टबॉलच नाही का?

पुष्कळांना असंच वाटतं, कारण ऑलिंपिकमध्ये बायकांचा सॉफ्टबॉल असतो आणि जपानने त्यात 2008 मध्ये व टोकियोत सुवर्णपदकं मिळवली. पण हे दोन वेगळे खेळ आहेत. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, घेर सुमारे 30 सेंटीमीटर. तो खालून हात फिरवून 13.11 मीटरवरून टाकतात आणि दोन बेसमध्ये 18.29 मीटर असतात. महिलांच्या बेसबॉलमध्ये पुरुषांचाच 23 सेंटीमीटर घेराचा कडक चेंडू, पिचरचं तेच 18.44 मीटरचं अंतर आणि तेच मैदान. फरक इतकाच, की पुरुषांच्या नऊ डावांऐवजी सहसा सात डाव होतात.

याचा सर्वात जास्त फटका बसतो तो आउटफिल्डरला. सॉफ्टबॉलमध्ये मागचं कुंपण साधारण 67 मीटरवर असतं. जपानच्या सर्वात प्रसिद्ध बेसबॉल मैदानात, कोशिएनमध्ये, फलंदाजापासून मधल्या कुंपणापर्यंत 118 मीटर आहेत. सॉफ्टबॉलमधून येणाऱ्या पिचरला किंवा कॅचरला नवी कला शिकावी लागते. आउटफिल्डरला तर सगळं अंतर, सगळा अंदाज आणि खांद्याची ताकद नव्याने घडवावी लागते. "मुलींना सॉफ्टबॉल आहे ना, मग बेसबॉल कशाला" हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. बॅडमिंटन खेळणारीला "टेनिस कशाला हवं" असं आपण विचारत नाही.

शाळेत वाट कुठे अडते

जपानमधली मुलगी बेसबॉल सुरू करते ती बहुधा भाऊ किंवा शेजारची मुलं खेळतात म्हणून. प्राथमिक शाळेच्या वयात ती मुलांच्याच संघात असते, रबरी चेंडूने खेळते, आणि त्या वयात मुली अनेकदा उंचीला पुढेच असतात. पुरुषांची व्यावसायिक लीग 2013 पासून या वयाच्या मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धाही भरवते.

अडचण येते माध्यमिक शाळेत. तिथला बेसबॉल क्लब म्हणजे मुलांचा क्लब. मुलींसाठी शाळेत असतो सॉफ्टबॉल. नियमाने मनाई नसली, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तीस मुलांत एकटीने टिकायचं असतं. अनेक जणी इथे खेळ बदलतात. चांगल्या आउटफिल्डर सॉफ्टबॉलला, अॅथलेटिक्सला, टेनिसला जातात.

पुढे हायस्कूलमध्ये दार अधिकृतपणे बंद होतं. मुलांच्या हायस्कूल बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा 1915 मध्ये सुरू झाली आणि 1924 पासून कोशिएनवर होते. उन्हाळ्यात सारा देश ती पाहतो. तिच्या नियमांत खेळाडू म्हणून फक्त "पुरुष विद्यार्थी" पात्र आहे. मुलगी संघासोबत सराव करू शकते, सामन्यात उतरू शकत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये ओइता प्रांतातल्या एका शाळेची विद्यार्थिनी संघाला मदत म्हणून कोशिएनवरच्या सरावात उतरली, तेव्हा तिला मैदानाबाहेर जायला सांगितलं. त्यावर देशभर चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी नियम थोडा सैल केला गेला.

मुलींची स्वतंत्र राष्ट्रीय हायस्कूल स्पर्धा 1997 मध्ये सुरू झाली. पुढे बरीच वर्षं ती ह्योगो प्रांतातल्या तांबा या डोंगराळ भागातल्या मैदानावर झाली आणि भाग घेणाऱ्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग संख्या वाढत गेली. 2021 मध्ये 40 संघ उतरले आणि त्या वर्षी पहिल्यांदा अंतिम सामना कोशिएनवर झाला. 23 ऑगस्टला कोबे कोर्यो शाळेने कोची चुओ शाळेला 4-0 हरवलं. ज्या गवतावर मुलींना पाय ठेवायची बंदी होती, त्याच गवतावर त्या दिवशी सहा आउटफिल्डर उभ्या होत्या. कोशिएनवर समुद्राकडून वारा येतो आणि उजवीकडे उंच गेलेला चेंडू डावीकडे ढकलतो. मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या वाऱ्याचा अंदाज बांधत आल्या. मुलींनी तो पहिल्यांदा अंगावर घेतला 97 वर्षांनी.

पगारी लीग आली आणि गेली

शाळा संपल्यावर काय? 2010 पूर्वी उत्तर होतं: नोकरी किंवा विद्यापीठ, आणि सुटीच्या दिवशी क्लब. 1950 मध्ये चार संघांची एक महिला व्यावसायिक लीग निघाली होती, ती दोन वर्षांत आटोपली. व्यावसायिक पुरुष लीगच्या करारात तर "वैद्यकीयदृष्ट्या पुरुष नसलेल्यांना" अपात्र ठरवणारं कलमच होतं. ते 1991 मध्ये काढलं, पण त्यानंतरही एकही महिला त्या लीगमध्ये खेळलेली नाही.

2010 मध्ये क्योतो आणि ह्योगो असे दोन संघ घेऊन जपान महिला बेसबॉल लीग सुरू झाली. पाठीशी होती क्योतोतली एक कंपनी, वाकासा सेइकात्सु. आरोग्यपूरक गोळ्या विकण्याचा तिचा धंदा. पुढे संघ चार झाले.

मिउरा इओरी ही आउटफिल्डर याच लीगची निर्मिती आहे, असं म्हणता येईल. जन्म 1992, आइची प्रांत. हायस्कूलमध्ये ती टेनिस खेळत होती. शाळा संपली आणि नेमकी त्याच वसंतात लीग सुरू झाली. ती क्योतोच्या संघात आली आणि लीगमधल्या सर्वात भरवशाच्या फलंदाजांपैकी एक झाली. 2018 मध्ये फ्लोरिडात विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही ती होती. त्या संघाच्या व्यवस्थापक होत्या कित्ता मेगुमी, जपानच्या महिला संघाचं नेतृत्व करणारी पहिली महिला.

मिउराची जन्मतारीख दोन वर्षं अलीकडे-पलीकडे झाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. 2008 मध्ये शाळा संपली असती, तर पुढे पगारी संघ नव्हताच. टेनिस खेळणारी एक मुलगी म्हणून ती कुठे तरी नोकरीला लागली असती आणि जपानला एक उत्तम आउटफिल्डर मिळाली नसती, हे कुणाला कळलंही नसतं. कौशल्य होतंच, ते दिसलं एका कंपनीने योग्य वर्षी पैसे घातले म्हणून. आणि जपानच्या महिला बेसबॉलमध्ये कारकीर्द तुटते तीही बहुतेक वेळा याच प्रकारे, खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने.

तसंच झालं. 2019 च्या अखेरीस 36 खेळाडूंनी एकदम लीग सोडली. 2020 चा हंगाम तुटपुंज्या संघांवर निघाला. 2021 मध्ये सामने झाले नाहीत आणि डिसेंबरमध्ये लीग बेमुदत थांबवल्याचं जाहीर झालं.

"प्रेक्षक नाहीत, मग पगार कोण देणार?"

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. लीगला तिकिटांतून खर्च निघण्याइतके प्रेक्षक मिळाले नाहीत. एकाच कंपनीच्या खिशावर सगळे संघ चालत होते, म्हणून त्या कंपनीने हात आखडता घेताच सगळंच थांबलं.

पण पुरुषांची लीग कशी तगली, हेही पाहायला हवं. ती 1936 पासूनची. तिचे संघ वर्तमानपत्रांनी आणि रेल्वे कंपन्यांनी काढले. योमिउरी हे वर्तमानपत्र, हानशिन ही रेल्वे. संघ तोट्यात गेला तरी नावाची जाहिरात होते, या हिशेबाने कंपन्या तो पोसत राहिल्या. 1954 मध्ये जपानच्या कर खात्याने परिपत्रक काढलं: व्यावसायिक बेसबॉल संघाचा तोटा मालक कंपनीने भरून काढला, तर ती रक्कम जाहिरात खर्च म्हणून धरता येईल. म्हणजे करात सवलत. पुरुषांच्या संघांना असा आधार दशकानुदशकं मिळाला, तेवढ्या काळात प्रेक्षकांच्या तीन-चार पिढ्या तयार झाल्या. महिलांच्या लीगला मिळाली जेमतेम अकरा वर्षं आणि एक कंपनी. या दोन्हींची तुलना करून "लोकांना आवडत नाही" असा निष्कर्ष काढणं मला न्यायाचं वाटत नाही.

मग आता पोट कशावर चालतं?

नोकरीवर. जपानमध्ये कंपनी संघांची जुनी पद्धत आहे: खेळाडू कंपनीत कामाला असतो आणि तिच्याच नावाने खेळतो. महिला बेसबॉलमध्ये असे काही संघ आहेत, बाकीचे क्लब. त्यांत अलीकडे मोठी भर पडली ती पुरुषांच्या व्यावसायिक संघांची. साइतामाच्या सेइबु लायन्सने 2020 मध्ये, हानशिन टायगर्सने 2021 मध्ये आणि त्यानंतर योमिउरी जायंट्सने महिला संघ उभे केले. मिउरा हानशिनच्या महिला संघात पहिल्या वर्षापासून आली आणि तिच्याकडे कर्णधारपद आलं.

गणवेश तोच, पट्टे तेच, बोधचिन्ह तेच. पण महिला संघ हौशी गटात मोडतो. पुरुष खेळाडूसारखा करार आणि मानधन यात नाही. दिवसा काम, संध्याकाळी आणि सुटीला सराव, असा क्रम बहुतेकींचा असतो. आउटफिल्डरसाठी यातली जाचक गोष्ट म्हणजे उजेड नसणं. उंच चेंडूचा अंदाज मोठ्या मैदानात, खऱ्या फटक्यांवरच पक्का होतो. जाळीतल्या छोट्या जागेत फलंदाजीचा सराव होतो, पिचरचाही होतो. शंभर मीटरवरून येणारा चेंडू मात्र तिथे पाहायला मिळत नाही.

तरीही मोठ्या नावांच्या या संघांचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. हायस्कूलच्या मुलीला आता "पुढे कुठे" या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते तिच्या आईवडिलांना, आजीआजोबांनाही ओळखीचं आहे.

"इतर देश खेळतच नाहीत, म्हणून जपान जिंकतो"

यात अर्धं तथ्य आहे. महिला विश्वचषक 2004 मध्ये सुरू झाला, म्हणजे स्पर्धा तरुण आहे आणि बळकट संघ मोजके: जपान, अमेरिका, कॅनडा, तैवान, ऑस्ट्रेलिया, व्हेनेझुएला. भारतही 2016 मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या विश्वचषकात उतरला होता. पण जपान सुरुवातीपासून अजिंक्य नव्हता. 2004 आणि 2006 या दोन्ही अंतिम सामन्यांत अमेरिकेने त्याला हरवलं. 2008 मध्ये मात्सुयामा शहरात पहिलं विजेतेपद आलं.

2024 मध्ये कॅनडातल्या थंडर बेला अमेरिकेने साखळी सामन्यात जपानला 4-3 असं हरवलं आणि विश्वचषकातली 39 विजयांची मालिका तुटली. काही दिवसांतच अंतिम सामन्यात जपानने त्याच संघाला 11-6 ने नमवलं. जोरदार फटक्यांच्या बाबतीत अमेरिका कमी नाही. जपान पुढे राहतो तो बारीक कामांत: चेंडू पकडल्यावर योग्य सहकाऱ्याकडे फेकणं, एकीचा चेंडू सुटला तर मागे दुसरी हजर असणं. यातलं पुष्कळसं आउटफिल्डरच्या पायांवर चालतं आणि धावफलकावर कुठेच दिसत नाही.

दर्जाबद्दल आणखी एक दाखला. पुरुषांच्या बेसबॉलमधला जगातला एक थोर आउटफिल्डर, इचिरो, निवृत्तीनंतर हौशी संघ घेऊन हायस्कूलच्या निवडक मुलींविरुद्ध दरवर्षी सामना खेळू लागला. डिसेंबर 2021 च्या पहिल्या सामन्यात 48 वर्षांचा इचिरो स्वतः पिचर होता. त्याने सगळा सामना एकट्याने टाकला, 147 चेंडू. त्याचा संघ जिंकला, 1-0 ने. त्याने मुलींवर दया दाखवली नाही, पूर्ण जोर लावला, आणि तरी फरक एका धावेचा राहिला. मला यातला आदर फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेच्या लीगने काय बदलेल?

लीगचे चार संघ आहेत: न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को. पहिला हंगाम 2026 च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांचा, आणि सामने इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या एकाच शहरात, असं नियोजन जाहीर झालं. सातोसाठी हे पाऊल सोपं होतं. तीन विश्वचषकांत ती सर्वोत्तम खेळाडू ठरली होती आणि मे 2025 मध्ये टोरंटोच्या पुरुष संघाकडून ती कॅनडात खेळलीही होती.

आउटफिल्डरचं गणित वेगळं आहे. पिचरच्या चेंडूचा वेग मोजता येतो, चित्रफीत पाहून निवड करता येते. पहिलं पाऊल कुठे पडलं, हे चित्रफितीत चौकटीबाहेरच राहतं, कारण कॅमेरा तेव्हा फलंदाजावर असतो. शिवाय काही आठवड्यांच्या हंगामासाठी जपानमधली नोकरी आणि क्लबची जागा सोडायची का, हा हिशेब तिला करावा लागेल. परत आल्यावर ती जागा मिळेलच असं नाही. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत जपानमधून पिचर अधिक जातील आणि आउटफिल्डर कमी, असा माझा अंदाज आहे. हंगाम लांबला आणि पगार वर्षभराचा झाला, तर हे चित्र बदलेल.

जपानमध्ये मात्र याहून जवळचा एक उपाय आहे. पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये 12 संघ आहेत आणि त्यांतल्या तिघांकडे महिला संघ तयार आहेत. आणखी तीन-चार संघ पुढे आले आणि खेळाडूंना पूर्ण वेळचे करार मिळाले, तर एका कंपनीवर न विसंबणारी लीग उभी राहू शकते. मैदानं आहेत, खेळाडू आहेत, आणि तोटा जाहिरात म्हणून धरण्याची सोय 1954 पासून तिथल्या कंपन्यांना पाठ आहे.